कुणाच्या नाकावर टिच्चून? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेला आलेल्या पत्रांत बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: कुणाला वाटले नव्हते ते कुणीतरी करून दाखवले, तर ते मराठीत नेमके कसे सांगायचे? त्यासाठी आपल्याकडे वाक्प्रचार भरपूर आहेत. पण यश कुणाला अनपेक्षित होते आणि ते कशामुळे मिळाले, हे प्रत्येक वाक्प्रचार वेगळे सांगतो. एकाच्या जागी दुसरा वापरला की वाक्य फसते, आणि कधी कधी माणूसही दुखावतो. म्हणून आज ही सगळी पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : दहावीच्या सराव परीक्षेत ‘नाकावर टिच्चून’चा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा होता. एका मुलीने लिहिले, ‘धो धो पावसाच्या नाकावर टिच्चून आमच्या संघाने कबड्डीचा सामना जिंकला.’ मी अर्धा गुण कापला. तिची आई विचारायला आली, ‘बाई, अर्थ तर बरोबर लिहिलाय, मग गुण का कापलात?’ मला नीट समजावता आले नाही.
– एक शिक्षिका, दापोली

उत्तर : गुण कापलात ते योग्यच झाले. फक्त कारण उत्तरपत्रिकेवर लिहून द्या, कारण मुलीची चूक समजण्यासारखी आहे. ‘नाकावर टिच्चून’ म्हणजे आडव्या येणाऱ्या माणसाला न जुमानता, त्याच्या देखत काम फत्ते करणे. इथे नुसते यश पुरत नाही. ‘हे तुला जमायचे नाही’ किंवा ‘हे मी होऊ देणार नाही’ म्हणणारा कुणीतरी हवा, आणि झालेले काम त्याला उघड्या डोळ्यांनी बघावे लागायला हवे. पावसाला तुमच्या कबड्डीच्या सामन्याचे काय सोयरसुतक? तो कुणाच्या विरोधात पडत नाही. पावसासाठी ‘पावसाला न जुमानता’ किंवा साधे ‘भर पावसात’ लिहावे. गरिबी, आजारपण, अपंगत्व यांच्यासाठी ‘मात करणे’ आहे. हा शब्द बुद्धिबळातला, आणि त्याला ‘वर’ लागतो: ‘परिस्थितीवर मात केली’. ‘परिस्थितीला मात केली’ हे बरोबर नाही.

त्या मुलीचे वाक्य असे दुरुस्त होईल: ‘पहिल्याच फेरीत गारद होणार, असे हिणवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून आमच्या संघाने तालुक्याचा चषक आणला.’ विरोधक आला, त्याचे म्हणणे आले, यश आले. वाक्यात उपयोग करायला सांगतात तेव्हा परीक्षक हेच शोधतो: वाक्प्रचाराचा अर्थ वाक्यावरूनच उलगडतो का? ‘सुरेशने नाकावर टिच्चून काम केले’ या वाक्याला गुण मिळत नाही तो यामुळेच. कुणाच्या नाकावर, ते कळत नाही. कसले काम, तेही कळत नाही.

व्याकरणाचे थोडे. ‘टिच्चून’ हे ‘ऊन’ प्रत्ययाचे रूप आहे, त्यामुळे लिंग-वचन बदलले तरी ते बदलत नाही. मुलगी असो, संघ असो की अख्खा गाव असो, ‘टिच्चून’च. बदलते ते पुढचे मुख्य क्रियापद. ‘नाकावर’ला आधी षष्ठी हवीच: विरोधकांच्या, सावकाराच्या, सगळ्या गावाच्या. विरोधक शंभर असले तरी नाक एकच राहते. ‘विरोधकांच्या नाकांवर टिच्चून’ असे कुणी म्हणत नाही. मुले आणखी एक चूक करतात, ती म्हणजे नकार. ‘त्याच्या नाकावर टिच्चून मी पास झालो नाही’ हे वाक्य उभेच राहत नाही, कारण अपयशाला हा वाक्प्रचार चालत नाही. भविष्यकाळ मात्र झकास चालतो: ‘बघाच तुम्ही, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून करून दाखवीन!’ आव्हान देताना त्याला खरा जोर येतो.

‘टिचून’ असेही कुठे कुठे छापलेले दिसते. दोन ‘च’ असलेले रूप जास्त रुळले आहे आणि उच्चारही तसाच होतो, म्हणून मुलांना तेच शिकवा. ‘नाकावर ठेचून’ मात्र साफ चूक. ‘नाक ठेचणे’ हा वेगळा वाक्प्रचार आहे. तिथे रोख हरलेल्याची घमेंड उतरवण्यावर असतो, तर ‘नाकावर टिच्चून’मध्ये रोख करणाऱ्याच्या जिद्दीवर असतो. आणि क्रीडापानावर येणारे ‘टिच्चून गोलंदाजी’ बघून गोंधळू नका. तिथे ‘टिच्चून’ म्हणजे नेटाने, टप्पा न सोडता. त्यात नाक कुणाचेच नाही.

शेवटी सुराबद्दल. या वाक्प्रचाराला भांडणाचा वास आहे. ‘वडिलांच्या नाकावर टिच्चून लग्न केलं’ हे गाव म्हणेल. मुलगी स्वतः वडिलांविषयी सहसा असे म्हणत नाही, ती ‘बाबांचा विरोध होता तरी’ म्हणेल. निमंत्रणपत्रिका, आभाराचे पत्र, श्रद्धांजली इथे हा वाक्प्रचार टाळा. प्रचारसभेत, सामन्याच्या वृत्तान्तात आणि दोस्तांच्या गप्पांत तो शोभतो.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी खांदेरी किल्ल्यावर निवेदन लिहितो आहे. ‘मराठ्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरीवर रसद पोहोचवत होत्या’ हे वाक्य चालेल का?
– एक वाचक, थळ

उत्तर : प्रसंग या वाक्प्रचाराला अगदी शोभणारा आहे, पण ‘रात्रीच्या अंधारात’ या शब्दांनी घोळ केला आहे.

घडले ते असे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली तुमच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पुढे सिद्दीचे आरमारही आले. तरी बेटावरचे काम थांबले नाही. समुद्रात लढाई झाली, आणि अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना तह करून मागे सरावे लागले. किल्ला मराठ्यांकडेच राहिला.

यात दोन वेगळी कामे चालली होती, आणि त्यांना दोन वेगळे वाक्प्रचार लागतात. समोर शत्रूची गलबते नांगर टाकून उभी आहेत, त्यांच्यावरून बेटावरची माणसे दिसताहेत, आणि तरीही चिऱ्यावर चिरा चढतो आहे. हे झाले इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. रसदीच्या होड्यांचे तसे नव्हते. त्या लहान, उथळ पाण्यातून जाणाऱ्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. इंग्रजांची मोठी गलबते वाऱ्यावर अवलंबून, त्यांना खोल पाणी लागे. त्यामुळे अंधाराचा फायदा घेऊन या होड्या पहाऱ्यातून निसटत. शत्रूला पत्ता लागू न देता केलेले काम म्हणजे ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ किंवा ‘गुंगारा देणे’. उघड केले तर नाकावर टिच्चून, लपून केले तर डोळ्यांत धूळ फेकून. एवढे ध्यानात ठेवलेत तर गल्लत होणार नाही.

‘हातावर तुरी देणे’ इथे वापरण्याचा मोह होईल, तोही आवरा. आधी ताब्यात असलेला माणूस सुटून जातो तेव्हा तो वाक्प्रचार येतो. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या. खांदेरीला कुणी कैदेत नव्हते.

तुमचे वाक्य असे करा: ‘रात्री पहाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकून रसद येत होती, आणि दिवसा इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तट उभा राहत होता.’ मुलांना पाठ करायलाही सोपे जाईल.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या एका बागायतदारांनी उघड्या कातळावर हापूसची बाग उभी केली. त्यांच्या मानपत्रात ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ घालायची आहे. एका निवृत्त मास्तरांनी हरकत घेतली, की या ओळीचा मूळ अर्थ भलताच आहे. खरे काय? आणि ती लिहायची कशी?
– एक वाचक, देवगड

उत्तर : मास्तरांचे म्हणणे खरे आहे, पण तेवढ्यासाठी ओळ काढून टाकायची गरज नाही. ही ओळ वामन पंडितांची. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचे त्यांनी मराठी केले. पहिला चरण ‘प्रयत्नें वाळूचे कण रगडितां तेलहि गळे’. पुढे मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचे शिंगही सापडेल, असे म्हणत शेवटी येते, ‘परंतू मूर्खाचें हृदय धरवेना क्षणभरी’. म्हणजे एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण हट्टी मूर्खाची समजूत काढता यायची नाही. श्लोकात वाळूचे तेल हे न घडणाऱ्या गोष्टीचे उदाहरण आहे. प्रयत्नांची थोरवी सांगायला तो रचलेला नाही.

पण पहिला चरण श्लोकापासून सुटून कधीच स्वतंत्र झाला आहे. नेटाने प्रयत्न केले तर अशक्यही साधते, याच अर्थाने तो आज सगळीकडे चालतो, आणि हा अर्थ चुकीचा ठरवण्यात काही हशील नाही. फक्त दोन ठिकाणी जपावे. जिथे कष्ट नाहीत, नुसते नशीब आहे, तिथे तो लावू नये. लॉटरी लागलेल्याला वाळू रगडावी लागत नाही. आणि न ऐकणाऱ्या माणसाला बऱ्याच विनवण्यांनी राजी केले, अशा प्रसंगी तर मुळीच वापरू नये. पुढचे चरण ठाऊक असलेल्या माणसाला तो टोमणा वाटेल. तिथे ‘दगडाला पाझर फुटला’ म्हणावे, कारण तो वाक्प्रचार कठोर मन द्रवण्याचाच आहे.

लेखनाबद्दल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीने येणारे, उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले, पण शुद्धलेखनाच्या नियमांतच केशवसुतपूर्व पद्य मुळाबरहुकूम छापावे असेही आहे. वामन पंडित सतराव्या शतकातले. तेव्हा ओळ अवतरणात देणार असाल तर ‘प्रयत्नें’, ‘रगडितां’ असे अनुस्वारांसह द्या. ‘तेलहि’मधला ‘हि’ ऱ्हस्वच हवा. वृत्त शिखरिणी, प्रत्येक चरणात १७ अक्षरे, सहाव्या अक्षरावर यती, म्हणजे म्हणतानाचा थांबा. चौदावे, पंधरावे आणि सोळावे अक्षर लघू लागते: ल, हि, ग. ‘तेलही’ छापले की पंधरावे अक्षर गुरू होते आणि ओळ म्हणताना अडखळायला होते. मानपत्र व्यासपीठावरून मोठ्याने वाचले जाते, म्हणून हे बघायला हवे. रोजच्या बोलण्यात किंवा लेखाच्या ओघात ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ लिहिले तर बिघडत नाही.

आता आमचे मत. या मानपत्राला तुकोबांची ओळ जास्त लागू पडते: ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’. कातळावर बाग धरायची म्हणजे सुरुंग लावून जांभ्यात खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून ते भरायचे, कलम लावायचे आणि पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी वाहून ते जगवायचे. पुढे मूळ आपणच दगडाच्या भेगांत वाट काढते. तुकोबांच्या ओळीत हीच गोष्ट आहे, आणि पुढचा चरण काही असला तर, ही धास्तीही नाही. मजकूर साधारण असा करता येईल: ‘जिथे गवतही टिकत नव्हते त्या कातळावर आपण हापूस उभा केलात. ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ हे तुकोबांचे वचन आम्ही आपल्या बागेत पाहिले.’ ‘टीका करणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून’ हे मानपत्रात घालू नका. टीका करणारेही समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतील, आणि सत्कारमूर्तींना उद्या त्याच वाडीत राहायचे आहे.

प्रश्न : दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही कोकणची बाजी’ असा मथळा ठरलेला. कोकण विभाग दरवर्षीच पहिला येतो, मग ‘बाजी मारली’ म्हणणे बरोबर आहे का? बाजी तर अनपेक्षितपणे मारतात ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मथळा बरोबर आहे. बाजी हा फारसीतून आलेला शब्द. खेळ, डाव, पैज असे त्याचे अर्थ. ‘बाजी मारणे’ म्हणजे चढाओढीत इतरांना मागे टाकून जिंकणे. जिंकणाऱ्याकडून अपेक्षा होती की नव्हती, याबद्दल हा वाक्प्रचार काहीच बोलत नाही. अपेक्षेविरुद्ध जिंकले हे सांगायचे असेल तर ‘बाजी उलटवली’ किंवा ‘हरत आलेला डाव जिंकला’ म्हणा. मध्यंतराला दहा गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या चढाईत जिंकतो, तेव्हा तो बाजी उलटवतो. ‘प्राणांची बाजी मारली’ हेही अधूनमधून छापून येते, ते मात्र चूक. प्राणांची बाजी लावतात; लावणे म्हणजे पणाला लावणे.

प्रश्न : नारळी पौर्णिमेला इथे नारळ लढवण्याची स्पर्धा असते. दर वर्षी गप्प बसून बघणाऱ्या एका वैनींनी यंदा सगळ्यांचे नारळ फोडले. सूत्रसंचालक त्यांना ‘डार्क हॉर्स’ म्हणाला. मराठीत काय म्हणावे? ‘छुपा रुस्तम’ चालेल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ‘छुपा रुस्तम’ हिंदीतून आला आणि आता मराठीत रुळला. बोलताना खुशाल वापरा. पण वैनींना रुस्तम म्हणणे जरा अवघड वाटते, आणि त्या शब्दात लबाडीची किंचित छटाही आहे, जणू मुद्दाम लपून बसला होता. मराठीतले ‘झाकलं माणिक’ जास्त चांगले. गुण आधीपासून होता, लोकांना दिसला नव्हता, एवढेच त्यात आहे. ‘आमच्या वैनी म्हणजे झाकलं माणिक निघाल्या हो!’ यात कौतुकही येते आणि आपुलकीही. सूर मात्र सांभाळा. हेच शब्द हेल काढून म्हटले तर टोमणा होतो.

प्रश्न : ‘छोट्या गावातल्या मुलीने मोठे यश मिळवून तोंडात बोटे घातली’ असे एका अहवालात वाचले. काहीतरी खटकते.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खटकायलाच हवे. तोंडात बोटे घालतो तो चकित झालेला माणूस, म्हणजे बघणारा. या वाक्यात यश मुलीने मिळवले आणि थक्कही तीच झाली! ‘यश मिळवून सगळ्यांना तोंडात बोटे घालायला लावली’ असे हवे, किंवा ‘तिचे यश पाहून गावाने तोंडात बोटे घातली’.

प्रश्न : माझी सून पोराबाळांचे करून रात्री अभ्यास करायची. स्पर्धा परीक्षेत पास झाली. अभिनंदन करायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!’ ती हिरमुसली. ते गमतीत म्हणाले की मी उगाच मनाला लावून घेते आहे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तुम्ही उगाच लावून घेतलेले नाही. फांदी मोडायलाच आली होती, कावळा बसला म्हणून ती मोडली नाही, असा या म्हणीचा अर्थ. दोन गोष्टी योगायोगाने एका वेळी घडल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणजे तुमच्या सूनबाईंचा अभ्यास आणि त्यांचे पास होणे यांचा संबंधच त्या गृहस्थांनी तोडून टाकला. कदाचित ‘अचानक आनंदाची बातमी आली’ एवढेच त्यांना म्हणायचे असेल, पण शब्द तसे बोलत नाहीत. ही म्हण जिथे खरोखर योगायोग आहे तिथेच वापरावी: नवा मंत्री आला आणि त्याच आठवड्यात रखडलेला पूल पुरा झाला, मंत्रिमहाशय श्रेय घेऊ लागले, तेव्हा ती चपखल बसते. ‘बोलाफुलाला गाठ पडली’ हीही योगायोगाचीच, पण तिच्यात कुणाला कमी लेखणे नाही.

सूनबाईंच्या यशाला ‘जिद्दीने करून दाखवले’ हे साधे शब्द पुरे आहेत. ‘करून दाखवणे’मध्ये शंका घेणारे अध्याहृत असतात, त्यांचे नाव घ्यावे लागत नाही. ‘केले’, ‘करून टाकले’ आणि ‘करून दाखवले’ यांतला फरक बघा: पहिल्यात नुसते काम आहे, दुसऱ्यात ते उरकल्याचा सुस्कारा आहे, तिसऱ्यात बघणारे आले. नातेवाइकांना संदेश पाठवायचा असेल तर असा पाठवा: ‘घर, मुलं, सगळं सांभाळून आमच्या सूनबाईंनी परीक्षा पास करून दाखवली.’

प्रश्न : आमच्या संघाने जिल्हास्तरीय भजन स्पर्धा जिंकली. फलकावर ‘अटकेपार झेंडे लावले’ लिहावे का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : जिल्ह्यातल्या स्पर्धेला नको. हे अटक म्हणजे सिंधू नदीकाठचे, आज पाकिस्तानात असलेले ठिकाण. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठी फौजा तिथवर पोहोचल्या, त्यावरून हा वाक्प्रचार आला. आपला मुलूख सोडून फार लांब जाऊन गाजवलेल्या पराक्रमाला तो लागतो. राज्याबाहेर कुठे भजनाला बक्षीस मिळाले तर जरूर लिहा. आत्ता फलकावर ‘जिल्ह्यात पहिला क्रमांक’ लिहून खाली सगळ्या बुवांची, पखवाजवाल्यांची आणि झांजवाल्यांची नावे घाला.